आढळले नाही

३ फेब्रुवारी

मा. अधीक्षक, बालकल्याण कार्यालय, यांस, म्हणजे तुला, धाकटे,

तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आजही बहीण म्हणून लिहीत नाहीये. समाजकार्य महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या अडचणी सोडवणाऱ्या मदत खोलीची प्रमुख म्हणून लिहितेय. प्रमुख म्हणजे त्या खोलीत मी एकटीच आहे. एक टेबल, चार खुर्च्या आणि न उघडणारं एक कपाट. पण तू अधीक्षक म्हणून सही ठोकतेस, तर मलाही माझा हुद्दा मिरवू दे.

तुझ्या सहीचा कागद काल दुपारी आमच्याकडे आला. तुझ्या कार्यालयात क्षेत्रकार्य करणाऱ्या आमच्या विद्यार्थिनीचा शेरा. तू वाचला नसशील, म्हणून उतरवून देते:

'विद्यार्थिनीस व्यावसायिक अंतर राखता येत नाही. लाभार्थी कुटुंबाशी स्वतःच्या पार्श्वभूमीची सरमिसळ करते. बालकल्याणाच्या क्षेत्रासाठी अयोग्य. क्षेत्रकार्यात अनुत्तीर्ण.'

चार वाक्यांत तीन वर्षांची वाट लावलीत. शेवटचं सत्र आहे तिचं. क्षेत्रकार्यात नापास म्हणजे पदवी नाही, हे तुला मी सांगायला नको.

ती कागद घेऊन माझ्यासमोर आली. बस म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, "मॅडम, यातली 'पार्श्वभूमी' म्हणजे माझे बाबा ना?"

मी काय उत्तर द्यायचं होतं, सांग.

तिला आमच्या खोलीत येणाऱ्या सगळ्या मुली वहीवाली म्हणतात. वर्गात सर हसले तरी किती वाजता हसले ते लिहून ठेवेल अशी पोरगी. वडील चौकात टेबल टाकून इस्त्री करतात, आई दवाखान्यात फरशा पुसते. त्या घरातून कॉलेजात आलेली ही पहिली. पहिला महिनाभर ती ग्रंथालयाच्या पायरीवर बसून वाचायची. आत जायला कुणाची परवानगी लागते ते माहीत नव्हतं, आणि ते विचारायचं कुणाला हेही माहीत नव्हतं. 'विवेचन करा' म्हणजे नक्की काय करायचं, हे विचारायला ती तीन दिवस माझ्या दारावरून ये-जा करत होती. मी तिला आत ओढलं तेव्हा कुठे तोंड उघडलं. त्याच पोरीने नंतर खालच्या वर्गातल्या सहा जणींना बोटाला धरून त्या ग्रंथालयात नेलं.

आज तिचे वडील आले होते. कामाच्या वेळात टेबल सोडून, स्वतःच्या अंगावर कडक इस्त्रीचा सदरा घालून. दारातच थांबले. हात पुढे बांधलेले. मला हळूच म्हणाले, "बाई, पोरीनं कुणाचं काही उचललं का? खरं सांगा. मी भरून देतो."

त्यांच्या जगात माणसाला कामावरून काढतात ते चोरीसाठी. खरं लिहिलं म्हणूनही काढतात, हे त्यांना मी कसं समजावू? तुमच्या माणसांनी दोन मुली घरातून उचलून बालगृहात ठेवल्या. त्या का उचलायला नको होत्या ते हिने आपल्या अहवालात लिहिलं. ते खोडायला सांगितलं, हिने खोडलं नाही. एवढा तिचा गुन्हा.

शेरा मागे घे. घेणार नसशील तर का नाही ते लेखी कळव.

मदत खोली प्रमुख
(ताई आहेच, पण ते नंतर.)


११ फेब्रुवारी

धाकटे,

तुझ्या मदतनिसाचा फोन आला. "मॅडम म्हणाल्या, तक्रार योग्य मार्गाने करा." मी विचारलं, योग्य मार्ग कोणता? तर म्हणे, "तो मॅडमना विचारून सांगतो." चार दिवस झाले, अजून विचारतोय.

तोवर मी माझ्या मार्गाने सांगते. १४ जानेवारीला काय झालं ते तुला तुमच्या फाइलीतून कळलंय. आता घराच्या आतून ऐक.

घर एका खोलीचं. बाप पावाच्या भट्टीवर कामाला, पहाटे चारला जातो, बाराला येतो. आई छातीच्या आजाराने दीड महिना दवाखान्यात. मुली दोन, एक नऊ वर्षांची, एक चार. थोरलीची शाळा दुपारची. म्हणजे बाप येईपर्यंत दोघी घरात, आतून कडी लावून. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने तुम्हाला कळवलं की मुली एकट्या असतात, रडतात. तुमचे ज्येष्ठ कार्यकर्ते वहीवालीला सोबत घेऊन गेले. या गृहस्थांना आमच्या मुलींनी काय नाव ठेवलंय माहीत आहे? उंबरेसाहेब. आडनाव नाही ते. उंबरा ओलांडून कधी आत जात नाहीत, म्हणून उंबरेसाहेब.

दहा बत्तीसला थोरलीने दार उघडलं. दहा छत्तीसला साहेब निघाले. वेळ वहीत आहे.

चार मिनिटांत त्यांनी लिहिलं: पालक गैरहजर. घरात शिजवलेले अन्न आढळले नाही. देखरेख करणारी प्रौढ व्यक्ती आढळली नाही. पुरेसा उजेड व हवा आढळली नाही. शेगडी नादुरुस्त. मुली अस्वच्छ. त्याच दिवशी दोघी बालगृहात.

आता वहीवालीने काय पाहिलं? अन्न होतं. कपाटावर, उपड्या पातेल्याखाली, उंचावर, कारण चार वर्षांची खाली ठेवलेलं सांडते. शेगडी चांगली धडधाकट होती, फक्त तिचं बटण नव्हतं. ते बटण बाप रोज काढून खिशात घालून कामाला जातो, पोरींनी गॅस पेटवू नये म्हणून! जो माणूस शेगडीचं बटण खिशात घेऊन भट्टीसमोर आठ तास उभा राहतो, त्याच्या नावापुढे तुम्ही 'निष्काळजी' लिहिलंत. दोरीवर दोन ओले पंचे होते. दोघींची नखं कापलेली, केस विंचरलेले. धाकटीचे हात तेवढे काळे होते, कारण बाप भट्टीतून कोळशाचे तुकडे आणतो आणि ती फरशीवर चित्रं काढते. त्या दिवशी बैल काढला होता, असं थोरलीचं म्हणणं. धाकटीच्या मते तो बाबा होता.

आणि प्रौढ व्यक्ती? शेजारी शिवणकाम करणारी मावशी आहे. दोन घरांत एकच भिंत. ती दर थोड्या वेळाने कात्रीच्या मुठीने भिंतीवर ठोकते, आणि थोरली दोनदा ठोकून उत्तर देते. म्हणजे सगळं ठीक. उत्तर आलं नाही तर मावशी शिलाई टाकून पळत येते. साहेब दारात उभे असतानाच ठकठक झाली. थोरलीने वळून उत्तर दिलं. साहेबांनी विचारलं, "कसला आवाज?" आणि उत्तर ऐकायच्या आत पुढची ओळ लिहायला घेतली.

हे सगळं तिने अहवालात लिहिलं. तिला ते दिसलं कारण ती अशाच घरात वाढलीय. तुम्ही त्याला 'सरमिसळ' म्हणता. डॉक्टरच्या मुलीला नाडी लवकर सापडली तर तुम्ही तिला हुशार म्हणता ना? मग इस्त्रीवाल्याच्या मुलीला बिऱ्हाड वाचता आलं तर ती अयोग्य कशी झाली?

लिहिता लिहिता तळपायाची आग मस्तकात जातेय, तेव्हा उरलेलंही ऐकून घे.

तू या खुर्चीवर बसलीस तेव्हा तुझा सत्कार झाला. तू भाषणात म्हणालीस, "आमची आई आम्हाला बाहेरून कडी घालून कामाला जायची. आज माझ्यासमोर असं घर आलं, तर मी त्या मुलींना तिथे एक दिवसही राहू देणार नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. आई तिसऱ्या रांगेत होती. तिनेही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते. परतताना बसमध्ये तिने आधी दोघींची तिकिटं काढली. मग मला म्हणाली, "मी कडी लावायचे ते वाईट होतं का गं?"

मी तुझ्याशी का बोलत नाही ते तू लोकांमार्फत विचारत होतीस. हे आहे ते.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर आलं नाही, पण आरोप आला. वहीवालीने गोपनीय माहिती बाहेर दिली, भट्टीवर जाऊन मुलींच्या बापाला भेटली, तीस दिवसांच्या आत फेरविचाराचा अर्ज करता येतो हे त्याला सांगितलं, असं तुझ्या कार्यालयाने कॉलेजला कळवलंय. गुरुवारी, सव्वीसला समितीसमोर सुनावणी. आता प्रश्न नापासाचा राहिला नाही. नाव कमी करायचं घाटतंय.

आधी माझा राग ऐक. फेरविचाराचा अर्ज करता येतो ही गोष्ट गोपनीय कधीपासून झाली? तुमच्याच भिंतीवर तसा फलक आहे. मी पाहिलाय, पाण्याच्या टाकीच्या मागे. ज्याची पोरं नेलीत त्याला हे सांगणं तुमचं काम होतं. तुम्ही केलं नाहीत, तिने केलं, आणि वर तिलाच पिंजऱ्यात उभं करताय. बापाने एकोणिसाव्या दिवशी अर्ज टाकला, तोही तिने सांगितलं म्हणून. नाहीतर एकतिसाव्या दिवशी तुम्ही हात वर करून मोकळे झाला असता.

आता दुसरं. मागच्या दोन पत्रांत मी हे गाळलं होतं. भट्टीवर जा, असं तिला मी सांगितलं.

ती विचारायला आली होती. "मॅडम, त्यांना कुणीच काही सांगितलेलं नाही. ते रोज बालगृहाच्या फाटकाशी उभे राहतात आणि परत जातात. मी सांगितलं तर चालेल का?" नियम मला माहीत होता. विद्यार्थ्याने एकट्याने कुटुंबाला भेटायचं नाही, आधी लेखी परवानगी. मी म्हटलं, "जा. सांग. माझं नाव मध्ये आणू नकोस."

ही शेवटची तीन वाक्यं लिहायला मला आज सगळी सकाळ लागली.

मी स्वतः का गेले नाही? माझ्या नोकरीची सहा वर्षं राहिलीत. आई माझ्याकडे. शिवाय मी मॅडम ना, मॅडम भट्टीवर कशा जाणार! वीस वर्षांच्या पोरीला पुढे केलं आणि मी टेबलामागे बसून तिला शाबासकी दिली. तिने कालपर्यंत कुणालाही माझं नाव सांगितलेलं नाही. प्राचार्यांनी दोनदा विचारलं. "माझं मीच गेले," म्हणाली.

आणखी एक सांगायचं आहे, ते जुनं आहे. कॉलेजचं दार आपल्या घरातून आधी मी पाहिलं. मी क्षेत्रकार्यात नापास झाले, शिक्षण सोडलं आणि पुढे कारकुनीतून या खोलीत आले, हे तुला माहीत आहे. का झाले, ते तुला अर्धंच माहीत आहे. मी अहवालात 'मला वाटलं', 'मला दिसलं', 'ती बाई रडली तेव्हा मलाही राहवलं नाही' असं लिहायचे. बाईंनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि वर्ग हसला. कुणी हसणार नाही असं कसं लिहायचं, हे सांगायला तेव्हा कुणी नव्हतं. दोन वर्षांनी तू आलीस, तेव्हा मी तुला पहिल्या दिवशी बसवून शिकवलं: "'मला' लिहायचं नाही. 'आढळले' लिहायचं. 'आढळले नाही' लिहायचं. त्या शब्दामागे उभी राहिलीस की कुणी तुला हसणार नाही."

तुला कुणी हसलं नाही. वर चढत गेलीस. आज तुझ्या कार्यालयात चार मिनिटांत घरं मोडतात ती त्याच शब्दाने, आणि तो तुझ्या हातात मी दिला. तुला रागाने लिहिताना मला हे सारखं आडवं येतं. पण म्हणून तुझ्यावरचा राग कमी झालाय असं समजू नकोस. मी शिकवलं तेव्हा तू अठरा वर्षांची होतीस. आता नाहीस.

सव्वीसला ये. मदतनिसाला पाठवू नकोस.

ताई


२८ फेब्रुवारी

धाकटे,

तू आलीस. माझ्याकडे पाहिलं नाहीस, सरळ समोरच्या खुर्चीवर जाऊन बसलीस, पण आलीस.

तिथे होतीस, तरी लिहितेय, कारण तुला तुझ्या जागेवरून दिसलं असेल ते वेगळं. मला माझ्या जागेवरून काय दिसलं ते ऐक.

प्राचार्य मधोमध. एका बाजूला तू आणि उंबरेसाहेब, दुसऱ्या बाजूला वहीवाली. तिच्यासाठी खुर्ची होती, तिला कुणी बस म्हटलं नाही, म्हणून ती उभी. तिचे वडील बाहेर बाकावर. मी तिला दोन दिवस तयारी करून दिली होती. श्वास घे, सावकाश बोल, 'मला वाटतं' म्हणायला घाबरू नकोस. हो, हेही शिकवलं. उशिरा का होईना.

"तू त्या कुटुंबाला एकटी जाऊन भेटलीस?" प्राचार्य.

"हो सर."

"नियम माहीत होता?"

"हो सर."

"कोणी पाठवलं?"

"कोणी नाही."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी ती पक्की होती. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. मी उठले. गुडघा टेबलाला आपटला, कुणाचा तरी चहा सांडला. "मी पाठवलं," म्हटलं. "नियम मला तिच्याहून जास्त माहीत होता, आणि माझं नाव घेऊ नकोस असंही मीच सांगितलं होतं." प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे आधी का सांगितलं नाहीत?" म्हणाले. "भ्याले म्हणून," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मग वहीवालीने विचारलं, "सर, मी साहेबांना दोन प्रश्न विचारू का?" प्राचार्य काही म्हणायच्या आत तू म्हणालीस, "विचारू द्या."

"साहेब, त्या घराची खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

उंबरेसाहेब हसले. "एवढे तपशील कोण लक्षात ठेवतं? असेल रस्त्याच्या बाजूला."

"त्या घराला खिडकी नाहीये, साहेब."

ती तिथेच थांबली नाही. "तुम्ही लिहिलंय, घरात पुरेसा उजेड व हवा आढळली नाही. ते बरोबर आहे. पण ते तुम्ही खिडकी न बघता लिहिलंत. दुसरा प्रश्न. मागच्या महिन्यात मी तुमच्यासोबत नऊ घरं पाहिली. त्यातल्या सात घरांच्या अहवालात 'शिजवलेले अन्न आढळले नाही' हे एकच वाक्य आहे. सातही घरांत भांडी कुठे ठेवतात ते तुम्ही पाहिलं होतं का?"

"दारातून सगळं दिसतं," साहेब म्हणाले. "सव्वीस वर्षं हेच करतोय मी. काल आलेल्या मुलीने मला शिकवायचं?"

तेव्हा तू तो शेरा पुढे ओढलास. तुझं बोट स्वतःच्या सहीवर होतं. मला वाटलं, आता तू म्हणशील की कामाच्या गडबडीत न वाचता सही झाली. सगळे तेच म्हणतात. तू म्हणालीस, "ही सही माझी आहे. मी वाचून केली होती. 'आढळले नाही' असं लिहिलेलं असलं की मी पुढे विचारत नाही. ही माझी सवय आहे. शेरा मी मागे घेते. त्या दोन मुलींच्या घरी उद्या मी स्वतः जाईन."

आणि पर्स उचलून निघून गेलीस. बाहेर बाकावर बसलेला इस्त्रीवाला तू येताना उभा राहिला, तुझ्यासाठी दार धरलं. तू त्याला ओळखलं नाहीस. तुझ्या कागदातली 'पार्श्वभूमी' होती ती.

आता निकाल. गोपनीयतेचा आरोप रद्द. नाव कमी होणार नाही. पण क्षेत्रकार्याचे आठ आठवडे तिने दुसऱ्या ठिकाणी पुन्हा करायचे, कारण 'आधीचे मूल्यमापन ग्राह्य धरता येत नाही'. चूक तुमची, आठ आठवडे तिचे! मी तिथेच तोंड उघडलं, पण मला गप्प बसवलं, कारण तोवर माझीही बोलायची लायकी उरली नव्हती. मला मदत खोलीतून काढलंय. चौकशी संपेपर्यंत जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसायचं. मदत खोलीला कुलूप. काल तिथून जाताना पाहिलं, तर पहिल्या वर्षाच्या दोन मुली बंद दारासमोर अर्ज हातात धरून उभ्या होत्या. मी त्यांना जिन्याच्या पायरीवर बसवलं आणि अर्ज भरून दिला. आता तेही नियमात बसत नसेल.

तू चांगलं वागलीस गुरुवारी. हे लिहायला मला जड जातंय.

ताई


१८ मार्च

धाकटे,

मुली नऊ तारखेला घरी आल्या. चोपन्न दिवस. आदेशात 'कुटुंबाची परिस्थिती आता समाधानकारक' असं छापलंय. आता! जणू मधल्या काळात त्या घरात काही बदललं. खिडकी अजून नाही, आई अजून दवाखान्यात, शेगडीचं बटण अजून बापाच्या खिशात, कात्रीची मूठ अजून भिंतीवर. फक्त तुमची नजर बदलली, पण तसं छापायला तुमच्याकडे नमुना नाही.

रविवारी मी आणि वहीवाली जाऊन आलो. रीतसर, लेखी परवानगी घेऊन. बाप घरी होता. त्याने आम्हाला बसायला गादी दिली आणि स्वतः उभा राहिला. तुमच्याबद्दल एक शब्द वाईट बोलला नाही. "मॅडम स्वतः आल्या होत्या, खाली बसल्या, पाणी प्यायल्या," एवढं म्हणाला. तुला चांगलं म्हणतोय तो, म्हणून मलाच त्याचा राग आला. माणसाला असल्या गोष्टींची इतकी सवय व्हावी?

धाकटी ताटाभोवती हात घालून जेवते आता. भराभर, मान खाली घालून, कुणी ओढून नेईल अशी. हे ती बालगृहात शिकली. तुमच्या अहवालात याला रकाना आहे का? थोरली आमच्याशी नीट बोलली, शाळेचं दप्तर दाखवलं. निघताना वहीवालीचा हात धरून तिने विचारलं, "ताई, परत न्यायला कोण येणार?"

वहीवाली म्हणाली, "कुणी नाही."

"मागच्या वेळी तूच आली होतीस."

रस्ताभर वहीवाली रडली नाही. बसथांब्यावर म्हणाली, "मॅडम, तेव्हा मी दारात उभी राहून लिहीत होते. तिचा हात धरायला हवा होता मी. चार मिनिटं होती माझ्याकडे." मी तिला समजावलं नाही. तू लहान होतीस, तुझा काय दोष, हे बोलायला सोपं होतं. मी म्हटलं, "हो, हवा होता. पुढच्या वेळी धर." सोमवारपासून ती नव्या ठिकाणी जातेय, शाळा सुटलेल्या मुलांच्या केंद्रावर. पहिल्याच दिवशी तिथल्या बाईंना विचारलंन, "घरभेटीला गेल्यावर आत बसायचं की दारात?" त्या म्हणे चक्रावल्या. लवकर सवय होईल त्यांना.

आता तुझ्या पत्राविषयी.

तीन वर्षांनी सख्ख्या बहिणीचं पत्र येतं, तर त्यावर जावक क्रमांक! विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयास अनुसरून'! पोस्टमनने सही घेऊन दिलं, आईला वाटलं कुणाचं समन्सच आलं. तीन वेळा वाचलं तेव्हा कळलं, तू मला कामाला बोलावते आहेस. मागच्या दोन वर्षांतल्या ज्या फायलींत ते एकच वाक्य आहे, त्या बाजूला काढल्यास. एकशे अकरा. 'सदर घरांची फेरभेट घेण्याकरिता व कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाकरिता आपल्या अनुभवाचा लाभ मिळावा.' धाकटे, अगं 'ताई, ये' एवढं लिहिलं असतंस तर तुझी शाई संपली असती का?

एकशे अकरा घरं. त्यातल्या किती घरांत अन्न खरंच नव्हतं तेही बघावं लागेल, मला ठाऊक आहे. काही ठिकाणी तुमचं बरोबरही निघेल. वहीवालीनेच ते आधी म्हटलं. "मॅडम, आपण आधीच ठरवून गेलो तर आपणही उंबरेसाहेब." कागदपत्रांच्या खोलीत बसून मला ही अक्कल सुचली नव्हती.

आईला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी तुमच्या दोघींमधली निरोप्या होणार नाही. ती तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलीय असंही लिहिणार नाही, कारण बसलेली नाही. सकाळी खुर्ची दारात ओढते, शेजारणीशी भांडते, मजेत आहे. यायचं तर ये, पण भाषण तयार करून येऊ नकोस.

पुढच्या बुधवारी मी येते. माझ्या अटी लिहून देते, तुझ्या आवडत्या पद्धतीने, म्हणजे नंतर कुणाला 'आढळले नाही' म्हणता येणार नाही. पहिली, उंबरेसाहेबही वर्गात बसतील, आणि पहिल्या रांगेत बसतील. दुसरी, माझ्या जागी मदत खोलीत कुणाला तरी बसवायला तू प्राचार्यांना सांगशील. तुझं ते ऐकतात. दाराशी मुली उभ्या राहतात, त्यांना पायरीवर बसायला लावायचं नाही. तिसरी, वहीवाली माझ्यासोबत येईल, आणि आधी ती बोलेल. घर कसं बघायचं ते ती सांगेल. ती अडखळेल, तिचे शब्द पुस्तकातले नसतील, मध्येच 'मला वाटतं' म्हणेल. तेव्हा कुणी हसायचं नाही आणि तिचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही. तूही नाही, आणि मीही नाही.

ताई